कार्यप्रणालीची पुनःस्थापना व सॉफ्टवेअर-भांडारे

शाळेचा संगणक बिघडला म्हणजे कार्यप्रणाली पुसून ती नव्याने घालण्याचा उपाय योजला जातो. मुलांच्या फायली आधी पेन ड्राइव्हवर घेतल्या जातात; परंतु प्रोग्रॅम कोठून आणले होते, याची यादी घेण्याचे मात्र बहुधा राहून जाते. मग मुले संगणकापुढे बसतात आणि नित्याचा जीकॉम्प्री जागेवर नसतो.

उबंटू कार्यप्रणालीत प्रोग्रॅम रिपॉझिटरीतून, म्हणजे इंटरनेटवरील भांडारातून येतात. तिच्या मूळ भांडाराचे मेन, रिस्ट्रिक्टेड, युनिव्हर्स व मल्टिव्हर्स असे चार विभाग आहेत. जीकॉम्प्री युनिव्हर्समध्ये असतो. तो विभाग बंद असल्यास कितीही शोधले तरी प्रोग्रॅम सापडावयाचा नाही. विभाग चालू करून यादी ताजी करताच तो मिळतो.

बाहेरील भांडारांचे काम अधिक नाजूक आहे. त्यांचे पत्ते 'ईटीसी' या फोल्डरातील 'एपीटी' फोल्डरात असतात. संगणक पुसण्यापूर्वी हा संपूर्ण फोल्डर उतरवून घ्यावा. मात्र तो नव्या प्रणालीवर जशाचा तसा चढवू नये. 2022 सालच्या 22.04 आवृत्तीचे सांकेतिक नाव जॅमी, तर 2024 च्या 24.04 चे नोबल. जुन्या यादीतील पत्ते जॅमीचे प्रोग्रॅम मागतात. ते नोबलवर घातल्यास परस्परावलंबी भागांचा मेळ बसत नाही. यास्तव जुनी यादी पाहून घ्यावी, आणि नव्या आवृत्तीसाठी उपलब्ध असलेले भांडार तेवढे एकेक करून जोडावे. प्रत्येक वेळी यादी ताजी करून पाहिल्यास चूक कोठे झाली ते तत्काळ कळते.

प्रत्येक भांडाराची एक किल्ली असते. तिच्या आधारे संगणक भांडारावरील सही पडताळतो. किल्ली नसल्यास तक्रारीचा संदेश येतो, आणि पडताळणीच बंद करण्याचा सोपा सल्ला कोणीतरी देतोच! तो मुळीच मानू नये. प्रोग्रॅम बसविला जातो तो संपूर्ण अधिकारानिशी. बनावट प्रोग्रॅम आत शिरल्यास विद्यार्थ्यांच्या नोंदींसह सारा संगणक त्याच्या हाती जातो. किल्ली प्रोग्रॅमच्या मूळ कर्त्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी.

भांडारांची नावे व जोडल्याची तारीख जडवस्तू नोंदवहीत संगणकाच्या नोंदीशेजारी लिहून ठेवावी. बदलून येणाऱ्या शिक्षकास ती तेथे लगेच सापडेल.