आधी आवाज ओळखा, मग गाडी खोला

कोलकात्यातल्या विजय दुर्गाच्या, म्हणजे पूर्वीच्या फोर्ट विल्यमच्या, आवारात जुनी गाडी कितीही फिरवली, तरी तिचं खरं दुखणं कळत नाही. लष्कराने डिसेंबर २०२४ मध्ये सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून या किल्ल्याला हे नाव दिलं. आतली वाहतूक मात्र पूर्वीसारखीच संथ. इथे नेमणुकीवर असलेल्या, मूळच्या साताऱ्याच्या एका लष्करी अधिकाऱ्याची मार्क थ्री अँबॅसिडर त्यामुळे अगदी ठणठणीत वाटायची. एकदा ती विद्यासागर सेतू ओलांडून कोना एक्स्प्रेसवेने कोलाघाटच्या दिशेने निघाली. काटा साठच्या पुढे सरकला आणि मागून घरघर सुरू झाली. ऐंशीला शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं.

गॅरेजवाल्याने मागचं बेअरिंग बदललं. घरघर तशीच. मग त्याने डिफरन्शियल खोलायचं ठरवलं, तिथे मालकांनी हात धरला.

ते बरंच झालं. उत्तरपाड्याला अँबॅसिडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. चांगल्या स्थितीतलं क्राऊन-पिनियन शोधत फिरावं लागतं. एकदा खोललेलं डिफरन्शियल नीट बसवणारे हातही आता कमीच. म्हणून आधी तपासणी रस्त्यावर करायची, मोकळ्या रस्त्यावर आणि मागेपुढे वाहन नसताना.

पहिली चाचणी इंजिनाची. आवाज येत असलेल्या वेगाला गिअर न्यूट्रल करावा. इग्निशन बंद करू नये. इंजिन मंदावलं तरी आवाज कायम राहिला, तर दोष इंजिनाकडे नाही. टायर, बेअरिंग, प्रोपेलर शाफ्ट किंवा डिफरन्शियल यांपैकी कुठेतरी आहे. मग अॅक्सिलरेटर दाबून आणि सोडून पाहावा. ओढताना एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, असं झालं तर संशय क्राऊन-पिनियनवर. ठरावीक वेगाला गाडीचा तळ थरथरतो आणि गिअर टाकताना ठक् असा आवाज येतो, तेव्हा प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तपासावेत.

बेअरिंग वळणावर बोलतं. गाडी उजवीकडे वळवली की भार डाव्या चाकांवर जातो. त्या वेळी घरघर वाढली तर डावं बेअरिंग बघावं, डावीकडे वळताना वाढली तर उजवं. खात्रीसाठी गाडी स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवावं. बेअरिंग खराब असेल तर खरखर हाताला जाणवते.

वाऱ्याची शिट्टी वेगळीच. दाराच्या फटींवर आणि छोट्या तिकोनी काचेच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावून तोच रस्ता पुन्हा कापावा. शिट्टी थांबली तर रबर बदललं की काम झालं.

उरले टायर. डांबरावरून काँक्रीटवर येताच आवाजाचा पोत बदलला, तर बहुधा तेच कारण. मालकांनी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावले, तेव्हा घरघरही पुढे आली! मग त्यांनी टायरच्या नक्षीवरून तळवा फिरवला: एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवलं की करवतीचे दात. बाजूवर छापलेल्या आकड्यांत शेवटचे चार होते ०९११, म्हणजे २०११ सालचा नववा आठवडा. क्लासिक गाडी कमी चालते, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते. पण रबर वयानेच कडक होतं, आणि अलाइनमेंट बिघडलेलं असेल तर ते असं वेडंवाकडं झिजतं.

नवे टायर घातले, अलाइनमेंट करून घेतलं आणि घरघर गेली. बेअरिंगचा खर्च मात्र फुकट गेला.

तेव्हा गॅरेजमध्ये जाऊन नुसतं ‘आवाज येतोय’ असं सांगू नका. किती वेगाला येतो, कोणत्या वळणावर वाढतो, अॅक्सिलरेटर सोडल्यावर बदलतो का, हे कागदावर लिहून न्या. मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर तो आवाज ऐकवा, आणि मगच त्याला गाडीला पाना लावू द्या.