मोहल्ल्यातील शांतता आणि तरुणांचे नेतृत्व

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आहे. गल्लोगल्ली माग चालतात. मालक, कामगार, सूत पुरविणारे व्यापारी, कापडाचे दलाल आणि हमाल यांत हिंदू व मुसलमान दोन्ही आहेत. उत्तर प्रदेशातून आणि तेलुगू मुलखातून आलेले कारागीरही येथे पिढ्यान् पिढ्या राहिले आहेत. धंद्याने एकमेकांत इतके गुंतलेले हे शहर तरीही दंगलींसाठीच अधिक ओळखले गेले. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती मादन आयोगाच्या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली. हा उद्रेक एका दिवसाचा नव्हता. मिरवणुकीचा मार्ग, घोषणा आणि परस्परांविषयीचा संशय यांतून तो काही वर्षे साचत आला होता. मे १९८४ मध्ये शहर पुन्हा पेटले.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील भिवंडीकडे पाहावयास हवे. त्या दोन महिन्यांत शेजारच्या मुंबईत ९०० माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. भिवंडी मात्र शांत राहिली.

समित्यांचा प्रयोग

या शांततेमागे काही वर्षांची तयारी होती. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आलेले श्री. सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या स्थापन केल्या. त्यांची संख्या सुमारे ७० होती. दोन्ही समाजांचे सदस्य सारख्या प्रमाणात घेण्यात आले. पूर्वीच्या शांतता समित्यांत पुढारी आणि प्रतिष्ठित मंडळी असत आणि बैठक बहुधा दगडफेक होऊन गेल्यावर भरे. नव्या समित्यांत सामान्य रहिवाशांना स्थान मिळाले आणि बैठका नियमितपणे, काही घडलेले नसतानाही होऊ लागल्या. अशा बैठकांत धर्मापेक्षा रोजच्या जगण्यातील कटकटींचीच चर्चा अधिक होणे स्वाभाविक होते. त्यामुळे समोरच्या मोहल्ल्यातील माणूस नावाने आणि चेहऱ्याने माहीत झाला. संकटाच्या रात्री हीच ओळख उपयोगी पडते.

मुंबईनेही १९९४ मध्ये मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू केली. तत्कालीन पोलीस आयुक्त श्री. सतीश साहनी, श्री. ज्युलिओ रिबेरो आणि श्रीमती सुशोभा बर्वे यांचा त्यात पुढाकार होता. या चळवळीने निरनिराळ्या वस्त्यांतील तरुणांसाठी क्रिकेटचे सामने भरविले आणि पोलिसांनाही मैदानात उतरविले. वरवर पाहता ही करमणूक वाटेल. पण ज्या शिपायाची केवळ लाठीच पाहिली, त्याचा झेल टिपण्याचा अनुभव तरुणाला काही निराळेच शिकवून जातो.

शिकविण्यासारखे काय?

तरुणांसाठी नेतृत्वाची शिबिरे पुष्कळ होतात. त्यांत बहुतेक वेळ भाषणकलेवर खर्च होतो आणि त्यातून वक्तेच अधिक तयार होतात. तंटा मिटविणाऱ्यास बोलण्याहून ऐकण्याचा अभ्यास अधिक लागतो. दोन्ही बाजूंची हकीकत स्वतंत्रपणे ऐकणे, ऐकलेले आणि पाहिलेले यांत भेद करणे, अफवा आली की ती पुढे धाडण्यापूर्वी त्या ठिकाणच्या ओळखीच्या माणसास विचारणे, या गोष्टी सरावानेच येतात. भ्रमणध्वनीच्या काळात अफवेला मोहल्ला ओलांडावयास क्षणही लागत नाही, आणि ते यंत्र बहुधा तरुणाच्याच हातात असते.

सर्वांत अवघड धडा मात्र आपल्याच माणसांना थांबविण्याचा आहे. परक्या जमावापुढे उभे राहणाऱ्याची वाहवा होते. स्वतःच्या मंडळातील मित्राच्या हातातील दगड खाली ठेवावयास लावणाऱ्याला ‘फितूर’ हा शब्द ऐकावा लागतो. तो ऐकूनही टिकून राहील अशा तरुणामागे घरातील आणि वस्तीतील वडीलधाऱ्यांनी उभे राहणे अगत्याचे आहे. समितीत त्याला सतरंज्या घालण्यापुरते बोलावले, तर हे बळ त्याला येणार नाही. मिरवणुकीचा मार्ग ठरविताना आणि पोलीस ठाण्यात बोलणी करताना त्याचे मत विचारले गेले पाहिजे.

हे काम एकदा करून संपत नाही. जुलै २००६ मध्ये भिवंडीतच एका पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. गोळीबारात दोन नागरिक आणि जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस प्राणास मुकले. १९९२ साली शहर सावरले होते, तेव्हा जन्मलेली मुले त्या वर्षी अवघी चौदा वर्षांची होती. प्रत्येक नव्या पिढीची ओळख नव्याने करून द्यावी लागते, ती अशी.

२८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. मुंबईतील मुस्लिम संघटनांनी आधीच विचारविनिमय करून आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरविले आणि शासनाने ईदची सुटी २९ सप्टेंबरला दिली. असे प्रसंग पंचांगात आधी दिसतात. गणेशोत्सव मंडळांच्या आणि मोहल्ल्यांतील तरुणांना त्याच्या महिनाभर आधी एका नकाशाभोवती बसविणे कोणत्याही गावास शक्य आहे.