फॉर्म बीवर सही करण्याआधी

नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढतोयस असं तुझ्या आईकडून कळलं. काढ. पण व्हिजिटिंग कार्डावर ‘सीसीटीव्ही, बर्गलर अलार्म, फायर अलार्म’ असं एका ओळीत छापायच्या आधी मामाचं ऐकून घे.

कॅमेऱ्याचं काम सोपं आहे. मोजकीच माणसं असतील तर २०१७च्या दुकाने कायद्याखाली फक्त सूचना द्यायची, जीएसटीचं बघायचं आणि कामाला लागायचं. माल मात्र बघून घे. एप्रिल २०२५पासून सरकारी चाचणीत उतरलेलेच कॅमेरे विकता येतात, त्यामुळे कोणी जुना स्टॉक स्वस्तात गळ्यात मारायला आला तर हात जोड. आणि गिऱ्हाईक म्हणालं, ‘रात्रीचा वॉचमनही तुम्हीच द्या,’ तर हुरळून जाऊ नकोस. माणसं पुरवायला २००५च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याचं वेगळं लायसन लागतं.

फायर अलार्मला शिडी तीच, ड्रिल तेच, पण कायदा निराळा. महाराष्ट्रात ‘आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ आणि त्याचे २००९चे नियम लागू आहेत. हे काम परवानाधारक एजन्सीनंच करायचं आणि परवाना राज्याच्या अग्निशमन सेवा संचालकांकडून घ्यायचा. नगरपालिकेच्या फायर ब्रिगेडमध्ये तुझी कितीही ओळख असली तरी त्या ओळखीला लायसन म्हणत नाहीत. परवाना हातात आला की तो कोणत्या कामासाठी आहे ते नीट वाच. सिलिंडर भरणारा, हायड्रंटची पाइपलाइन टाकणारा आणि डिटेक्टर लावणारा, यांचं कसब एक नाही.

तोवर काय करायचं? लायसनवाल्याकडे उघडपणे काम कर. त्याचा माणूस साइटवर येतो, टेस्टिंगला उभा राहतो, मग सही करतो, तर ठीक. पण बाजारात दुसराही प्रकार चालतो. काम तुझं, लेटरहेड त्याचं आणि साइट त्यानं पाहिलेलीसुद्धा नाही. टक्केवारी घेऊन सही विकणाऱ्या अशा माणसाच्या सावलीलाही उभा राहू नकोस. प्रत्यक्षात उपाययोजना नसताना किंवा देखभाल झालेली नसताना प्रमाणपत्र देऊ नये, असं कायद्यातच स्पष्ट लिहिलंय.

परवाना आला की दाखले तू द्यायचे. यंत्रणा बसवली की फॉर्म ए. त्यानंतर दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत आहे असा दाखला. खरी परीक्षा फॉर्म बीचीच असते. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणेल, ‘मागच्या वेळचाच कागद तारीख बदलून द्या ना!’ त्याला चहा पाज आणि शिडी माग. इमारतीची जबाबदारी मालकाची आणि वापरणाऱ्याची असते, हे त्यालाही सांग. पण कागदावर सही तुझी असते. जानेवारी २०२१मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत दहा नवजात बाळं गेली आणि राज्यभरातल्या दवाखान्यांचं फायर ऑडिट करायचे आदेश निघाले. असे कागद मग बारकाईनं वाचले जातात.

आता तपासणी. पॅनेलवर हिरवा दिवा आहे एवढ्यावर जाऊ नकोस. साध्या कन्व्हेन्शनल पॅनेलमध्ये प्रत्येक झोनच्या शेवटच्या डिटेक्टरपाशी एक छोटा रेझिस्टर बसवायचा असतो. वायर कुठे तुटली तर पॅनेलला त्यावरूनच कळतं. आळशी माणूस तो पॅनेलमध्येच टर्मिनलला पिळून टाकतो. मग सगळी वायर उंदरांनी खाल्ली तरी पॅनेल ‘सब ठीक’ सांगत बसतं. म्हणून शेवटचा डिटेक्टर बेसमधून काढ. पॅनेलवर फॉल्ट आला पाहिजे. नाही आला तर पेन खिशातच राहू दे.

रंगकामाच्या वेळी घातलेली प्लॅस्टिकची टोपी डिटेक्टरवर तशीच राहिलेली असते, तीही बघ. मेन सप्लाय बंद करून हूटर वाजव, म्हणजे बॅटरीत किती जीव उरलाय ते कळेल.

राहिलं २३० व्होल्टचं. पॅनेलच्या पुढचं चोवीस व्होल्टचं काम तुझं, पण पॅनेलपर्यंत मेन आणायचं काम परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं. ‘एक एमसीबी तर टाकायचाय’ म्हणून स्वतः हात घालू नकोस. कोटेशनमध्येच ती ओळ वेगळी लिही, नाहीतर तो खर्च तुझ्याच अंगावर येईल.