मृत्यूची नोंदणी : कार्यपद्धती आणि भाषा

आप्ताच्या निधनानंतर वारसनोंद, विमा, कुटुंबनिवृत्तिवेतन अशा प्रत्येक कामासाठी मृत्यूचा दाखला लागतो. ही नोंदणी 'जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९' नुसार होते.

नोंद मृत्यू जेथे घडला तेथे होते, मृत व्यक्ती जेथे राहत होती तेथे नव्हे. मोहोळ तालुक्यातील रहिवाशाचे निधन सोलापूर शहरातील रुग्णालयात झाल्यास नोंद सोलापूर महानगरपालिकेकडे होते. गावी राहत्या घरी झाल्यास ग्रामपंचायतीकडे. रुग्णालयातील मृत्यूची माहिती तेथील प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याने, तर घरातील मृत्यूची माहिती कुटुंबप्रमुखाने कळवावयाची असते.

त्यासाठी २१ दिवसांची मुदत आहे. पुढे ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क भरावे लागते. त्यानंतर एक वर्षापर्यंत विहित अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि त्याहून अधिक विलंब झाल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश आवश्यक ठरतो.

आता भाषेचा विचार करू. 'देवाज्ञा झाली', 'कैलासवासी झाले' हे शब्दप्रयोग शोकपत्रात शोभतात. माहितीपत्रकात मात्र 'मृत्यू' हाच शब्द योग्य होय. नावाबाबतही हीच दक्षता हवी. घरी सर्वजण 'बाळासाहेब' म्हणत असले, तरी कागदोपत्री नाव 'ज्ञानेश्वर' असेल, तर तेच लिहावे. अन्यथा दाखला व इतर कागदपत्रे जुळत नाहीत आणि वारसांचे काम अडते. येथे शब्दाची अचूकता हीच मृताच्या कुटुंबाला केलेली मदत असते.

स्वाध्याय : मृत्यूच्या दाखल्याची प्रत मिळण्यासाठी संबंधित निबंधकास अर्ज लिहा.