संकोच आणि कर्करोग
ट्रॉम्बे म्हटले की भाभा अणुसंशोधन केंद्र डोळ्यांसमोर येते. तेथील अणुभट्ट्यांचे कार्य रुग्णशय्येपर्यंत पोहोचते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. १९४१ साली सुरू झालेले परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. ट्रॉम्बेत सिद्ध झालेल्या इरिडियम-१९२ च्या तारा थेट गाठीत बसवून किरणोपचार करता येतात. शिश्नाच्या कर्करोगात गाठ लहान असेल, तर या उपचाराने अवयव वाचू शकतो.

अडते ते या ‘तर’पाशी. न भरणारा व्रण दिसूनही रुग्ण त्यास गुप्तरोग समजून महिनोन्‌महिने लपवितो, मलमे लावीत राहतो. जांघेत अवधाण आल्यावर तो दवाखाना गाठतो, तोवर बहुधा शस्त्रक्रिया अटळ झालेली असते.

अवयवाचा काही भाग काढला, तरी पुष्कळांना उभ्याने लघवी करता येते. वैवाहिक संबंधही अशक्य होतातच असे नाही. संपूर्ण काढल्यास मूत्रमार्गाचे मुख वृषणांमागे आणतात व बसून लघवी करावी लागते. जांघेतील ग्रंथी काढल्यास पाय सुजू शकतात. ते उंचावर ठेवावेत, जखमांपासून जपावेत. पहिल्या दोन वर्षांतील तपासण्या तर मुळीच चुकवू नयेत.

रुग्णास खरी खंत असते ती ‘पुरुषत्व गेले’ ही. वस्तुतः पुरुषी संप्रेरके वृषणांत तयार होतात आणि वृषण बहुधा जागेवरच असतात; दाढीमिशी, आवाज यांत फरक पडत नाही. हे पत्नीलाही समोर बसवून सांगितले पाहिजे. विषय ग्रामसभेत उघड बोलण्याचा नाही, हे खरे. परंतु शिक्षक वा पंचायत सदस्य एखाद्याला एकांतात गाठून दवाखान्यात नेऊ शकतो.