धावताना मूत्रपिंडे काय करतात?

सुरत–भुसावळ लोहमार्गावरील दोंडाईचा हे धुळे जिल्ह्यातले गाव. खानदेशातील इतर गावांप्रमाणे येथेही पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे धावतात. भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते.

समजा, त्यांतला एखादा मुलगा जीव तोडून धावला. नंतर त्याची लघवी परीक्षानळीत तापवून तीत ॲसेटिक आम्लाचे दोन-चार थेंब टाकले, तर ती गढूळ होण्याचा संभव आहे. म्हणजे लघवीत प्रथिन आले! मग हा मुलगा आजारी आहे काय?

तसे नाही. धडधाकट सैनिक कूच करून आले की त्यांच्याही लघवीत प्रथिन दिसते, हे जर्मन वैद्य लॉइबे यांनी १८७८ साली नोंदविले होते. कारण असे. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून वजनाला जेमतेम ३०० ग्रॅम, पण त्यातले लिटरभर रक्त त्यांच्याकडे जाते. धावू लागताच पायांचे स्नायू रक्त मागतात. मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि जोराच्या व्यायामात तेथे पाव लिटरच्या आसपासच रक्त पोहोचते. तरी गाळण तितकी घटत नाही. कारण गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी अधिक आवळते व आतला दाब टिकतो. या धांदलीत थोडे प्रथिन निसटते. एक-दोन दिवसांत ते बहुधा दिसेनासे होते.

वैशाखात घामामुळे लघवी थोडी व गडद पिवळी होते. पाणी, ताक प्याले की तीही निवळते.

कोऱ्या चहासारखी काळपट लघवी मात्र वेगळी. तालमीत पहिल्याच दिवशी शेकडो बैठका काढल्या, तर मांड्यांचे स्नायुतंतू फुटतात आणि त्यांतले मायोग्लोबिन हे तांबडे द्रव्य रक्तात उतरते. ते मूत्रपिंडांच्या सूक्ष्म नळ्यांत अडकून त्या निकामी करू शकते. बायवॉटर्स यांनी १९४१ साली लंडनमधील बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांत असाच प्रकार वर्णिला. शिक्षा म्हणून शंभर-दोनशे उठाबशा काढायला लावणाऱ्या गुरुजींनीही हे ध्यानात घ्यावे!

अशी लघवी दिसली, तर अंग दुखते म्हणून वेदनाशामक गोळी घेऊ नका. या गोळ्यांनी मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी घटतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.