रविवार कोणाचा?



पाठाला आरंभ करण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारतो. गेल्या रविवारी तुमच्या घरात कोण किती वाजता उठले आणि कोण किती वेळ निवांत बसले? उत्तर लगेच देऊ नका. घरातील एकेका माणसाला डोळ्यांसमोर आणा आणि मग सांगा.

हा प्रश्न मला माझ्या वर्गातील एका मुलीने शिकविला. सातवीच्या मुलांना मी 'आमच्या घरचा रविवार' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. बहुतेकांनी क्रिकेट, टीव्ही, मोबाईल आणि मटणाचा रस्सा यांविषयी लिहिले. एका मुलीने चारच ओळी लिहिल्या. रविवारी बाबांना सुट्टी असते, दादाला सुट्टी असते, मलाही शाळेची सुट्टी असते. सगळे घरी असतात म्हणून आईला त्या दिवशी जास्त काम असते. आईला सुट्टी कधी असते ते मला माहीत नाही. एवढाच तो निबंध.

मी तिला दहापैकी आठ गुण दिले आणि वही मिटली. पण त्या चार ओळी माझ्याबरोबर घरी आल्या. माझा स्वतःचा रविवार कसा असे? उशिरा उठावे, चहा घ्यावा, वर्तमानपत्र वाचावे, विहारात जाऊन वंदना घ्यावी. नंतर मित्रांबरोबर दोन तास चर्चा. विषय बहुधा समतेचा. दोन वाजता घरी येऊन जेवावे आणि झोपावे. माझी पत्नी अंगणवाडीत सेविका आहे. तिलाही रविवारीच सुट्टी असते. पण तिच्या सुट्टीत आठवड्याचे कपडे, दळण, फरशी आणि दोन वेळचा स्वयंपाक असे. माझी आई साठी ओलांडून गेली आहे, ती मोरीत भांडी घाशीत असे. मी समतेवर बोलून घरी यावे आणि वाढलेल्या ताटावर बसावे, असे वर्षानुवर्षे चालले होते. घरातला पहिला पदवीधर मी, पण ही गोष्ट मला एका सातवीतल्या मुलीने दाखविली. म्हणून आजचा पाठ फुरसतीवर आहे.

फुरसत फुकट मिळाली नाही

काही जण म्हणतील, धम्माच्या पाठात फुरसतीचे काय काम? काम आहे. आपल्यापैकी अनेकांच्या आज्या-पणज्यांना फुरसत हा शब्दच ठाऊक नव्हता. गावकीच्या कामाला वेळकाळ नसे. सांगावा घेऊन धावणे, सरकारी अंमलदारापुढे पळणे, मेलेले जनावर ओढणे, हे सारे हाक येईल त्या घटकेला करावे लागे. ज्याच्या नावावर काम तो घरी नसेल, तर त्याच्या घरच्या माणसाला धरले जाई. म्हणजे एका माणसाचा नव्हे, साऱ्या घराचा वेळ गहाण पडलेला होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते याच गुलामगिरीविरुद्ध. ज्याला स्वतःच्या वेळेवर हक्क नाही तो गुलामच होय.

शहरात गिरणी आली तरी सुट्टी आपोआप आली नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत कामगारांच्या सभा भरविल्या आणि आठवड्याला एक दिवस सुट्टी मिळावी अशी मागणी केली. मालकांनी ती लवकर मानली नाही. १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तिथे दोन स्त्री-कामगारही बोलल्या, हे विसरू नये. शेवटी १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण जो रविवार अंथरुणात लोळून घालवितो, तो मागण्यासाठी त्या दोन बायाही उभ्या राहिल्या होत्या.

पुढे बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे काम पाहत होते. १९३४ च्या कायद्याप्रमाणे बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास काम घेता येत असे. १९४६ च्या दुरुस्तीने ते ४८ तासांवर आले. त्याआधी १९४५ साली अशा कारखान्यांतील कामगारांच्या पगारी रजेचाही कायदा झाला. बाबासाहेबांनी हे का केले? त्याच काळातील आपल्या लिखाणात त्यांनी कारण स्पष्ट केले आहे. पशूचे सारे जीवन पोट भरण्यात जाते. माणसाला पोटापलीकडे मनाची वाढ करावयाची असते, आणि ती वाढ फुरसतीशिवाय होत नाही. यंत्राने माणसाचे कष्ट कमी व्हावेत आणि उरलेल्या वेळात सामान्य माणसालाही संस्कृती लाभावी, असा त्यांचा विचार होता. तेव्हा फुरसत ही आळशी माणसाची चैन नव्हे. ती माणूस म्हणून जगण्याची अट आहे.

पण हा कायदा गिरणीच्या फाटकापर्यंत आला, चुलीपर्यंत पोहोचला नाही. केंद्र सरकारने २०१९ साली लोकांचा दिवस कशात जातो याची देशभर पाहणी केली. शंभरातील सुमारे ८१ स्त्रिया रोज बिनपगारी घरकाम करीत होत्या, पुरुष मात्र सुमारे २६. जे करीत होते त्यांतही स्त्रीची रोज सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती, पुरुषाची ९७. स्त्रीच्या पाच तासांना पुरुषाचा दीड तास. हा आकडा साऱ्या देशाचा आहे. पण आपले घर त्यातून वगळले आहे, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल काय?

तथागतांनी सुट्टीविषयी काय सांगितले

दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. गृहस्थाने कसे वागावे हे त्यात सांगितले असल्याने प्रत्येक उपासक-उपासिकेने ते समजून घेतले पाहिजे. राजगृहाचा सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी ओल्या अंगाने सहा दिशांना हात जोडीत असे. बापाने मरताना सांगितले म्हणून तो करी, का करतो ते त्याला ठाऊक नव्हते. तथागतांनी त्याची टर उडविली नाही. त्यांनी त्याला दिशांचा नवा अर्थ दिला. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे नोकर व कामकरी, वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. दिशांना हात जोडून काही होत नाही, या माणसांशी कर्तव्याने वागणे हीच खरी पूजा होय.

आता खालच्या दिशेकडे नीट पाहा. मालकाने कामकऱ्याशी कसे वागावे याच्या पाच गोष्टी तथागतांनी सांगितल्या. शक्ती पाहून काम द्यावे. अन्न आणि वेतन द्यावे. आजारात सेवा करावी. चांगलेचुंगले खाणे त्याच्याबरोबर वाटून खावे. आणि पाचवी गोष्ट अशी की, वेळोवेळी त्याला सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वी कामकऱ्याच्या सुट्टीचा विचार करणारा हा धम्म आहे, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

पण अभिमान वाटून थांबू नका. ज्या धम्मात नोकराला सुट्टी द्यावी असे सांगितले आहे, त्या धम्माच्या घरात आईला सुट्टी नाही, हे कसे चालेल? पश्चिम दिशेविषयी सांगताना, पत्नीचा मान राखावा, तिचा अवमान करू नये, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा, असे तथागत सांगतात. जिच्या हाती अधिकार आहे तिला स्वतःच्या वेळेवर अधिकार नको काय?

एक गोष्ट कडू आहे, तरी सांगितली पाहिजे. वैशाख पौर्णिमेला आपण विहारात खीरदान करतो. मंचावर आपण पुरुष बसतो, भाषणे आपण करतो. पण पहाटेपासून खिरीचे पातेले कोण ढवळते आणि कार्यक्रम संपल्यावर ते कोण घासते? पुढच्या वैशाखीला एकदा अदलाबदल करून पाहावी. खीर काही बिघडणार नाही.

फुरसत कशात वाया जाते

याच सुत्तात संपत्ती नष्ट होण्याची सहा कारणे सांगितली आहेत. मद्यपान, अवेळी रस्त्याने भटकणे, सदा खेळतमाशांच्या मागे असणे, जुगार, वाईट संगत आणि आळस. पाहा, ही सहाही कारणे फुरसतीच्या वेळेतली आहेत. कामावर असताना माणूस सहसा बिघडत नाही, सुट्टीच्या दिवशी बिघडतो. पगाराच्या दिवसानंतरचा रविवार कित्येक घरांना कसा गेला, हे त्या घरांतील मुलांना विचारावे. दीक्षेच्या वेळी आपण दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली ती याचसाठी.

आता जुगाराने वेश पालटला आहे. अड्ड्यावर जावे लागत नाही, तो खिशात येऊन बसतो. मोबाईलवर पैसे लावून पत्ते खेळण्यापायी किती तरुण कर्जात बुडाले हे आपण वस्तीत पाहिले आहे. २०२५ साली संसदेने पैशावर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण कायदा खेळ बंद करू शकतो, हाव बंद करू शकत नाही. ते काम शीलाचे आहे.

आळसाचे वर्णन तर गमतीचे आहे. फार थंडी आहे, फार ऊन आहे, फार लवकर आहे, आता फार उशीर झाला, फार भूक लागली, फार जेवण झाले, असे म्हणत आळशी माणूस काम टाळतो. बंधूंनो, घरातील भांडी घासावयाची वेळ आली की आपणही याच सबबी सांगतो की नाही?

याचा अर्थ गाणे ऐकू नये, खेळू नये, सिनेमा पाहू नये, असा कोणी घेऊ नये. सोण नावाच्या भिक्खूने साधनेत इतका अतिरेक केला की चालून चालून त्याच्या पायांतून रक्त आले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते काय? नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. मन आणि शरीर यांचेही तसेच. काही नवदीक्षित बंधू उत्साहाच्या भरात प्रत्येक सुट्टी सभा-बैठकांत घालवितात आणि घरच्यांना भेटतच नाहीत. तीही ताणलेली तारच होय. मध्यम मार्ग रविवारलाही लागू आहे.

घरात काय करावे

आपल्यातील कितीतरी जण चौकीदार आहेत, सफाई कामगार आहेत, रोजंदारीवर आहेत. त्यांना रविवार मिळत नाही. ज्या दिवशी सुट्टी मिळेल तो त्यांचा रविवार समजावा. त्या दिवसासाठी चार नियम सुचवितो.

१) आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाची सारी कामे कागदावर लिहावीत आणि वाटून घ्यावीत. मुलगा आणि मुलगी असा भेद करू नये. जो जेवतो त्याला भांडे घासता आले पाहिजे.

२) घरातील स्त्रीला सलग दोन तास मोकळे द्यावेत. त्या वेळात ती झोपेल, वाचेल किंवा बाहेर जाईल. ती काय करते याचा हिशेब विचारू नये.

३) सायंकाळी अर्धा तास सर्वांनी मोबाईल बाजूला ठेवून एकत्र बसावे. प्रथम पाच मिनिटे शांतपणे श्वासाकडे लक्ष द्यावे. मग घरातील एकाने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील एक प्रकरण मोठ्याने वाचावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकता येते.

४) लहान मुलांना मैदानावर सोडावे. शिकवणी, अभ्यास आणि स्पर्धा यांत त्यांचे खेळणे मारू नये.

माझ्या घरी पहिल्या रविवारी काय झाले तेही सांगतो. मी भांडी घासावयास बसलो आणि आईला म्हणालो, "आई, आज तू काही करू नकोस." ती उंबऱ्यात बसली. थोड्या वेळाने विचारू लागली, "मंग मी काय करू?" मला उत्तर सुचेना. रोजंदारी करून जिने मला शिकविले, तिला साठ वर्षांत एक मोकळा तास कसा घालवावा हे कळावे एवढीही फुरसत मिळाली नव्हती. त्या दिवशी ती नुसतीच बसून राहिली. दुसऱ्या रविवारीही तसेच. तिसऱ्या रविवारी लुगडे बदलून मागच्या गल्लीतल्या आपल्या मैत्रिणीकडे गेली. दोघी एकाच मुकादमाच्या हाताखाली राबलेल्या. लग्न आणि मयत सोडून त्या कधी एकमेकींकडे बसल्या नव्हत्या. आई दिवेलागणीला परत आली. काय बोललात, असे मी विचारले नाही. तो तिचा वेळ होता.

बंधू-भगिनींनो, गावकीतून सुटलो, गिरणीत सुट्टी मिळविली. आता ती सुट्टी आपल्याच घरात वाटून घ्यावयाची आहे. त्यासाठी सभा नको, ठराव नको, वर्गणी नको. येत्या रविवारी आरंभ करा.

घरात चर्चेसाठी प्रश्न

१) सिगालाला तथागतांनी सहा दिशांचा कोणता अर्थ सांगितला?
२) मालकाची कामकऱ्याविषयीची पाच कर्तव्ये कोणती? त्यांपैकी किती आपण घरातल्या माणसांविषयी पाळतो?
३) फुरसत ही माणूस म्हणून जगण्याची अट आहे, असे या पाठात का म्हटले आहे?
४) आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते आणि सर्वांत शेवटी कोण झोपते? याचे उत्तर घरातील सर्वांत लहान मुलाने द्यावे.

जयभीम!